आधी खेळाडू, मग लीग

कार्ला कोउतो पोर्तुगालच्या राष्ट्रीय संघाकडून 145 सामने खेळली. पहिला 1993 साली, शेवटचा 2012 साली. इतक्या सामन्यांत विश्वचषकाचा एकही नाही आणि युरो स्पर्धेच्या मुख्य फेरीचाही एकही नाही. किका नाझारेत जन्मली 2002 साली, कोउतोची कारकीर्द ऐन भरात असताना. विसाव्या वर्षी तिने विश्वचषकात गोल केला. पुढच्याच वर्षी ती बेन्फिका सोडून बार्सिलोनाला गेली आणि त्या व्यवहाराचा आकडा पाच लाख युरोंच्या आसपास असल्याच्या बातम्या आल्या. दोघी लिस्बनच्याच. दोघींत सरस कोण, असा वाद हौशी मंडळींनी खुशाल घालावा. पण या दोन आयुष्यांत जी तफावत दिसते तिचा गुणवत्तेशी फारसा संबंध नाही. मधल्या तीस वर्षांत पोर्तुगालमध्ये बाईने फुटबॉलवर पोट भरणं शक्य कसं झालं, हा प्रश्न घेऊन हे पुस्तक लिहिलं गेलं आहे.

मराठी वाचकाला या पुस्तकातली आडनावं ओळखीची वाटतील. सिल्वा, कोस्ता, बोर्जेस, फर्नांदेस, मेंदेस. गोव्यात आणि वसईत ही आडनावं घरोघर आहेत. पण आपली ओळख बहुतेक तिथेच संपते. पोर्तुगीज फुटबॉल म्हटलं की एउसेबियो, फिगो आणि रोनाल्डो एवढी नावं आपण घडाघडा सांगतो. त्याच देशातल्या बायकांचा फुटबॉल हा मराठीत अजून कोणी फारसा न हाताळलेला विषय. म्हणून सुरुवातीला थोडी जमीन नांगरून द्यायला हवी.

व्यावसायिक महिला फुटबॉलपटूचं वर्ष दोन घड्याळांवर चालतं. एक क्लबचं: लीग, देशांतर्गत कप आणि संघ तेवढा मोठा असेल तर चॅम्पियन्स लीग. दुसरं राष्ट्रीय संघाचं: पात्रता फेऱ्या आणि त्यातून पार पडलं तर युरो किंवा विश्वचषक. पगार क्लब देतो, नाव बहुतेक राष्ट्रीय संघामुळे होतं. पुरुषांच्या खेळात क्लबची बाजू इतकी बळकट असते की एखादा खेळाडू देशासाठी एकही सामना न खेळता श्रीमंत होऊ शकतो. पोर्तुगीज बायकांच्या बाबतीत कित्येक वर्षं याच्या उलट होतं. देशाचा सदरा अंगावर चढला तरी क्लबकडून मिळणाऱ्या पैशात महिना निघत नव्हता. खेळाडू दिवसा नोकरी किंवा शिक्षण करायच्या आणि संध्याकाळी सराव. हे डोक्यात ठेवल्याशिवाय पुढच्या कुठल्याच आकड्याचा अर्थ लागत नाही.

या परिस्थितीची मुळं फुटबॉलच्या बाहेर आहेत. हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत स्त्रीची जागा घरात आहे, हे सरकारी धोरणच होतं. मुलींसाठी 1937 साली काढलेली ‘मोसिदादे पोर्तुगेझा फेमिनिना’ ही सरकारी युवासंघटना त्यांना माता आणि गृहिणी व्हायला शिकवत होती. धक्काबुक्कीचे, स्पर्धेचे खेळ त्या चित्रात बसत नव्हते. लग्न झालेल्या बाईला परदेशी जायचं तर नवऱ्याची परवानगी लागे. ही अट 1969 साली उठली. एप्रिल 1974 मध्ये राजवट कोसळली, 1976 च्या राज्यघटनेने समानता लिहून दिली, आणि मुलींनी मैदानात उतरायला सुरुवात केली. म्हणजे या देशातला महिला फुटबॉल लोकशाहीएवढाच तरुण आहे. पुस्तकात पुढे एकामागून एक खेळाडू विमानात बसून परदेशी क्लबांकडे जाताना दिसतात. तेव्हा त्यांच्या आज्यांना त्याच प्रवासासाठी नवऱ्याची सही लागली असती, हे आठवून वाचावं.

राष्ट्रीय संघाचा पहिला सामना 24 ऑक्टोबर 1981 रोजी झाला, फ्रान्समधल्या ल माँ इथे. फ्रान्सविरुद्ध 0-0. सुरुवात वाईट म्हणता येणार नाही. पण दोनच वर्षांत संघ बंद पडला आणि पुन्हा उभा राहिला तो थेट 1993 साली. या मधल्या दहा वर्षांत ज्या मुली अठरा ते अठ्ठावीस वयाच्या होत्या, त्यांच्या वाट्याला आंतरराष्ट्रीय फुटबॉल आलाच नाही. त्यांची नावं कुठल्या विक्रमांच्या यादीत सापडत नाहीत. देशांतर्गत स्पर्धा मात्र 1985 पासून सुरू होती आणि पोर्तोच्या बोआव्हिस्टा क्लबने पहिलं दशक जवळजवळ एकहाती गाजवलं. पुढचा काळ सिंत्रा इथल्या ‘प्रिमेइरो दे देझेंब्रो’ या छोट्या क्लबचा. 2001-02 पासून 2011-12 पर्यंत ओळीने अकरा विजेतेपदं. कोउतो, एदित फर्नांदेस, दोलोरेस सिल्वा, क्लाउडिया नेतो अशा अनेकजणी या क्लबातून गेल्या.

ओळीने अकरा विजेतेपदं ही कामगिरी थोरच. पण तीच त्या लीगची अवस्थाही सांगते. देशातले तीन बलाढ्य क्लब, म्हणजे बेन्फिका, स्पोर्टिंग आणि पोर्तो, या स्पर्धेत नव्हतेच. त्यामुळे गर्दी नव्हती आणि गर्दी नाही म्हणून पैसाही नव्हता. चांगली खेळाडू विशीच्या उंबरठ्यावर आली की तिच्यापुढे दोनच पर्याय उरत: हौस म्हणून खेळत राहायचं किंवा देश सोडायचा.

ज्यांनी देश सोडला त्यांच्यामुळे या विषयाला खरी उंची आली. एदित फर्नांदेसने चीन, स्पेन आणि अमेरिकेपर्यंत मजल मारली. क्लाउडिया नेतो स्पेनमधून स्वीडनच्या लिंशोपिंगला गेली, तिथे 2016 आणि 2017 ची विजेतेपदं मिळवली, मग जर्मनीत वोल्फ्सबुर्ग आणि इटलीत फिओरेंतिना. एस्त्रेला डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गोव्हेइया गावची आना बोर्जेस सारागोसा आणि मद्रिदमार्गे चेल्सीला पोहोचली. दोलोरेस सिल्वाने जर्मनीत डुइसबुर्गला उमेदवारी केली, पुढे 2019 साली अ‍ॅटलेटिको मद्रिदबरोबर स्पेनची लीग जिंकली. कारोल कोस्ताही जर्मनीतच घडली. जेसिका सिल्वा लिंशोपिंग आणि लेव्हान्तेमार्गे 2019 साली ऑलिंपिक लियाँमध्ये दाखल झाली. 2020 ची चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या त्या ताफ्यात ती होती.

पोर्तुगाल हा देश सोडून जाण्याची सवय असलेल्या माणसांचा देश. 1960 च्या दशकात लाखो पोर्तुगीज फ्रान्स आणि जर्मनीत मजुरीला गेले. फुटबॉलपटू बायका त्याच वाटांवरून गेल्या, फक्त पिशवीत बूट होते. आणि उलटी वाहतूकही झाली: स्थलांतरितांच्या परदेशात जन्मलेल्या मुली पोर्तुगालकडून खेळू लागल्या. 2017 च्या युरोत स्कॉटलंडविरुद्धचा विजयी गोल करणारी आना लेइते जर्मनीत जन्मलेली.

मग 2016 आलं. फुटबॉल महासंघाने पुरुषांच्या बड्या क्लबांना महिलांच्या पहिल्या श्रेणीत थेट प्रवेशाचं आमंत्रण दिलं. स्पोर्टिंग आणि ब्रागा पूर्ण तयारीने उतरले, पगारी करार करू लागले, आणि परदेशी गेलेल्या काहीजणी घरी परतल्या. आना बोर्जेस स्पोर्टिंगकडे आली, कारोल कोस्ताही. पहिली दोन विजेतेपदं स्पोर्टिंगची, तिसरं ब्रागाचं. बेन्फिकाने 2018 मध्ये दुसऱ्या श्रेणीतून सुरुवात केली आणि पहिला अधिकृत सामना 28-0 असा जिंकला. वर्तमानपत्रांना तो आकडा गमतीचा वाटला. पण समोरच्या संघातल्या मुलींच्या बाजूने पाहिलं तर तीच या क्रांतीची दुसरी बाजू आहे. पैसा वरून एकाच ठिकाणी ओतला गेला आणि वर्षानुवर्षं हा खेळ जिवंत ठेवणारे छोटे क्लब बाजूला पडले. प्रिमेइरो दे देझेंब्रोचा दबदबाही तोवर इतिहासजमा झाला होता. बेन्फिकाने 2020-21 पासून ओळीने पाच विजेतेपदं घेतली, 2023-24 मध्ये चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी गाठली. पोर्तोला महिलांचा संघ काढायला 2024 साल उजाडावं लागलं.

एवढा बदल कशामुळे झाला, याची तीन स्पष्टीकरणं साधारणपणे दिली जातात.

पहिलं महासंघाला श्रेय देतं. माजी राष्ट्रीय प्रशिक्षक मोनिका जॉर्ज 2011 नंतर महासंघाच्या कारभारात आल्या, महिला फुटबॉलची सूत्रं त्यांच्याकडे गेली; वयोगटांचे संघ बांधले गेले; 2014 पासून फ्रान्सिस्को नेतो यांच्याकडे राष्ट्रीय संघ सलग राहिला. त्याआधी 1994 पासून दरवर्षी होणाऱ्या आल्गार्व्ह कपमुळे अमेरिका, नॉर्वे, जर्मनी असे जगातले उत्तम संघ पोर्तुगालच्या दारात येऊन खेळत होते आणि यजमान मुलींना त्यांच्याशी दोन हात करायला मिळत होते. दुसरं स्पष्टीकरण क्लबांचं: बेन्फिका आणि स्पोर्टिंगची नावं आली, प्रेक्षक आले, पैसा आला. मार्च 2019 मध्ये मोझांबिकच्या वादळग्रस्तांसाठी लिस्बनच्या रेस्तेलो मैदानावर या दोन संघांचा सामना झाला तेव्हा पंधरा हजारांहून अधिक लोक आले होते. तिसरं स्पष्टीकरण खेळाच्या शैलीत उत्तर शोधतं. या मुलींपैकी पुष्कळजणी गल्लीत, मुलांच्या संघांत किंवा फुटसालच्या बंदिस्त मैदानावर शिकल्या. अरुंद जागेत चेंडू पायाशी ठेवण्याची ती सवय फ्रान्सिस्को नेतो यांनी राष्ट्रीय संघाच्या रचनेत वापरली. मधल्या फळीतल्या चौघी पत्त्यातल्या चौकटीसारख्या मांडायच्या आणि उंचीने, ताकदीने वरचढ संघांना चेंडूच द्यायचा नाही.

तिन्ही खरी आहेत, पण एक तारीख त्यांना जागेवर बसवते. पोर्तुगाल पहिल्यांदा युरोच्या मुख्य फेरीसाठी पात्र ठरला 25 ऑक्टोबर 2016 रोजी, रोमानियातल्या क्लुज इथे. घरी 0-0, तिथे जादा वेळेत आंद्रेया नॉर्तनच्या गोलमुळे 1-1, आणि परक्या मैदानावरच्या त्या एका गोलवर प्रवेश. बड्या क्लबांची नवी लीग तेव्हा नुकतीच सुरू झाली होती. ज्या मुलींनी तो दिवस मिळवला त्या नव्या व्यवस्थेत घडलेल्या नव्हत्या. त्या स्पेन, जर्मनी, स्वीडन, इंग्लंडच्या मैदानांवर आणि घरच्या रिकाम्या स्टँडसमोर तयार झाल्या होत्या. लीगने त्यांना घडवलं नाही. त्यांनी लीगला कारण पुरवलं. महासंघाने आणि क्लबांनी पुढे जे केलं त्याचं मोल कमी करायचं नाही, 2023 चा विश्वचषक त्याशिवाय शक्यच नव्हता. पण क्रम ध्यानात घ्यावा: आधी खेळाडू, मग लीग.

त्यानंतरची वाटचाल वेगाने सांगता येते. 2017 च्या युरोत सर्वांत खालचं मानांकन घेऊन आलेल्या पोर्तुगालने स्कॉटलंडला 2-1 हरवलं. देशाचा मुख्य स्पर्धेतला पहिला गोल कारोलिना मेंदेसचा. 2022 चं युरो त्यांना रशियाच्या हकालपट्टीमुळे मिळालं, आणि तिथे पहिल्या पाच मिनिटांत दोन गोल खाऊनही त्यांनी स्वित्झर्लंडला 2-2 असं रोखलं. विश्वचषकाची वाट अधिकच आडवळणाची होती. बेल्जियम, मग आइसलंड, आणि शेवटी 22 फेब्रुवारी 2023 रोजी न्यूझीलंडच्या हॅमिल्टनमध्ये कॅमेरून. भरपाईच्या वेळेत कारोल कोस्ताने पेनल्टी मारली आणि 2-1. पाच महिन्यांनी त्याच शहरात व्हिएतनामविरुद्ध 2-0 असा विश्वचषकातला पहिला विजय. पहिला गोल मदैरा बेटावरच्या तेल्मा एन्कार्नासाँवचा, दुसरा किका नाझारेतचा. आपल्यासाठी यात एक छोटा धागा आहे. व्हिएतनामने विश्वचषकाचं तिकीट फेब्रुवारी 2022 मध्ये नवी मुंबईत मिळवलं होतं. ज्या आशियाई स्पर्धेतून यजमान भारताला संघात कोरोना पसरल्यामुळे बाहेर पडावं लागलं, त्याच स्पर्धेत.

शेवटचा गटसामना ऑकलंडला, गतविजेत्या अमेरिकेशी. 0-0 असताना भरपाईच्या वेळेत आना कापेताचा फटका गोलखांबाला लागून परतला. तो आत गेला असता तर अमेरिका गटातच गारद झाली असती. पोर्तुगाल बाहेर पडला. पण त्या दिवशी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या देशाला आपल्याकडे असा संघ आहे हे कळलं. नोव्हेंबर 2024 मध्ये चेकियाविरुद्धच्या प्लेऑफ सामन्याला पोर्तोच्या द्रागाँव मैदानावर चाळीस हजारांवर माणसं आली.

या पुस्तकाची वेळ आत्ताच का, याचं उत्तर मात्र विजयांत नाही. 2020 साली महामारी आली तेव्हा पुरुषांची लीग जूनमध्ये पुन्हा सुरू झाली, महिलांची रद्द झाली. त्याच उन्हाळ्यात महासंघाने पुढच्या मोसमासाठी महिला क्लबांच्या एकूण वेतनखर्चावर साडेपाच लाख युरोंची मर्यादा घालायचं ठरवलं. पुरुषांवर अशी मर्यादा नव्हती. 132 खेळाडूंनी ‘लिंगभेदाविना फुटबॉल’ या घोषणेखाली निषेधपत्रकावर सह्या केल्या आणि तो नियम मागे घ्यावा लागला. दोन वर्षांनी काही खेळाडूंनी प्रशिक्षकाकडून झालेल्या छळाबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली आणि शिस्तभंगाची कारवाई झाली. 2021 पासून फिफाच्या नियमांत खेळाडूंसाठी किमान चौदा आठवड्यांची पगारी प्रसूतिरजा आली. ही सगळी व्यवसायाची चिन्हं आहेत. पगाराची पावती, तक्रार करायची जागा, आजारपणाची आणि बाळंतपणाची हमी या गोष्टी आल्या की खेळाला कारकीर्द म्हणता येतं. निवृत्तीनंतर कार्ला कोउतो खेळाडूंच्या संघटनेत काम करू लागली, हा म्हणूनच या कथेतला महत्त्वाचा तपशील आहे. जे तिला स्वतःला मिळालं नाही ते मागायचं कसं, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

लेखिकेने एका नायिकेचं चरित्र लिहिण्याचा मोह टाळला, याबद्दल तिचं अभिनंदन करायला हवं. जेसिका सिल्वा किंवा नाझारेत यांच्यावर सहज खपणारं, फोटोंनी भरलेलं पुस्तक लिहिता आलं असतं. तिने त्याऐवजी कारकिर्दीचे टप्पे घेतले आहेत: खेळायला मिळण्याची पहिली जागा, पहिला करार, देश सोडणं, गुडघ्याची दुखापत, परतणं, थांबणं. प्रत्येक टप्प्यावर निरनिराळ्या पिढ्यांच्या खेळाडू शेजारी उभ्या केल्या आहेत. त्यामुळे वाचकाला सामन्यांची जंत्री न वाचताही काळ सरकताना दिसतो. कोउतोच्या पिढीला जे प्रश्न पडत होते त्यांतले काही नेतोच्या पिढीपर्यंत मिटले, काही नाझारेतच्या पिढीतही तसेच आहेत.

या मांडणीला मर्यादाही आहेत आणि त्या लपवण्याचं कारण नाही. राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंचा माग घेणं सोपं असतं, कारण त्यांच्या नोंदी असतात. अकराव्या क्रमांकाच्या क्लबात दहा वर्षं खेळून गेलेली बचावपटू, 1983 ते 1993 या रिकाम्या दशकातली आघाडीची खेळाडू, 28 गोल खाणारी ती गोलरक्षक, यांची कहाणी या पुस्तकात ओझरतीच येते. खेळाच्या तांत्रिक बाजूवरही याहून अधिक पानं चालली असती. पण मराठीत या विषयावरचं हे पहिलंवहिलं मोठं काम म्हणून पाहिलं तर लेखिकेने निवडलेला कोन योग्यच वाटतो. व्यूहरचना उद्याही लिहिता येतील. अठरा वर्षांची मुलगी कोणत्या अटींवर, कोणत्या पगारावर आणि कोणाच्या भरवशावर सूटकेस भरते, हे आधी नोंदवायला हवं.

महाराष्ट्रात आणि गोव्यात फुटबॉल खेळणाऱ्या मुलींच्या हाती हे पुस्तक पडावं अशी माझी इच्छा आहेच. त्याहून जास्त ते क्लब चालवणाऱ्यांच्या, संघटनांच्या खुर्चीत बसणाऱ्यांच्या आणि शाळांच्या क्रीडाशिक्षकांच्या हाती पडायला हवं. ‘आधी गुणवत्ता दाखवा, मग सोयी देऊ’ हे वाक्य आपल्याकडे मुलींना सर्रास ऐकवलं जातं. पोर्तुगीज खेळाडूंनी ती अट पाळून दाखवली. फक्त त्यासाठी दोन पिढ्यांनी आपली उमेदीची वर्षं दिली, आणि ज्यांनी दिली त्यांच्यापैकी बहुतेकींना फळ पाहायला मिळालं ते प्रेक्षक म्हणून. पुस्तक मिटल्यावर ही किंमत वाचकाला अवास्तव वाटली, तर लेखिकेचे श्रम सार्थकी लागले असं मी समजेन.